परत आलेली ताटं

१२ जुलै

मावशी,

नमस्कार. वाकून केलाय असं समज, कारण खरं म्हणजे मी पलंगावर आडवी पडून लिहितेय. फोन करत नाही म्हणून आईकडे केलेली तक्रार पोचली. होस्टेलमध्ये फोन एकच आणि तो रेक्टरबाईंच्या टेबलावर. आम्ही बोलत असलो की त्या पेपर समोर धरून बसतात आणि पान काही उलटत नाहीत. म्हणून पत्र.

दुसरं वर्ष सुरू झालं. तुझी भाची आता कोणालाही काय खावं ते सांगू शकते, ऐकणारं कोणी मिळालं तर. या सत्रात आम्हाला आहाराची नोंदवही आहे. आपण जे खातो ते जेवणाआधी तोलायचं, ताटात उरलेलं पुन्हा तोलायचं आणि वजाबाकी वहीत लिहायची. आमच्यावर आमचा भरवसा नाही, म्हणून प्रत्येकीला एक जोडीदारीण. तिने समोर बसून बघायचं आणि रोज वहीवर सही करायची. मेसमध्ये प्रत्येक टेबलावर छोटा वजनकाटा आहे. तू बघितलंस तर कपाळाला हात लावशील.

माझी जोडीदारीण म्हणजे माझ्याच खोलीतली मैत्रीण. तिला सगळे तोळाबाई म्हणतात, कारण उकडलेला बटाटा नुसता तळहातावर घेऊन ती त्याचं वजन सांगते आणि काटाही तेच दाखवतो. वर्गात पहिली. नोंद कशी असावी म्हणून बाईंनी तिची वही सगळ्यांना वाचून दाखवली. मला रसायनशास्त्र तीच शिकवते आणि मी चुकले की उचकी लागल्यासारखी हसते. तिला ऐकावं म्हणून कधीकधी मी मुद्दाम चुकते.

पण एक विचारायचं आहे. तिच्या वहीत सगळं जिथल्या तिथे असतं, आणि समोर बसले की मला ती जेवताना काही दिसत नाही. चमचा हलतो, गप्पा चालतात, घास मात्र जात नाही. कोणाचा वाढदिवस असला की केक तीच करते, प्रत्येकीला वाढते आणि आम्ही खातो ते बघत बसते. उन्हातसुद्धा अंगात स्वेटर. परवा हात धरला तर बर्फ. इतक्या वर्षांत तू अशी माणसं पाहिली असशील. त्यांचं काय करायचं असतं?

तुझी भिंगरी

*

१९ जुलै

भिंगरे,

आडवा नमस्कार मिळाला. आशीर्वाद मी उभ्याने देतेय, पाठ वाकत नाही म्हणून. निवृत्त होऊन चार महिने झाले तरी सकाळी हात आपोआप तीनशे माणसांचे तांदूळ धुवायला निघतात. मग एकटीपुरते मूठभर धुते आणि उरलेल्या दिवसाचं काय करायचं ते कळत नाही. तेव्हा तू पत्रात काही विचारलंस की मला बरं वाटतं.

दवाखान्याच्या स्वयंपाकघरात एकतीस वर्षं काढली. जाणारी ताटं सगळेच बघतात. मी परत येणारी बघायचे. दाराशी स्टूल टाकून बसायचे आणि गाडीवरून ताटं उतरली की कोण सुधारतंय आणि कोण नाही ते मला डॉक्टरांच्या आधी कळायचं. कोणी भात नुसता पसरून ठेवायचं, कोणी केळ्याच्या सालीखाली काही सरकवायचं. नर्सबाई येऊन मला विचारून जायच्या. हे मी स्वतःच्या तोंडाने सांगते, कारण आता सांगणारं दुसरं कोणी उरलं नाही.

एक मास्तर होते. रोज मला म्हणायचे, शेजारच्या खाटेवरचे गृहस्थ काही खात नाहीत हो, त्यांच्याकडे लक्ष द्या. शेजारची खाट आठवडाभर रिकामी होती. त्यानंतर कोणी दुसऱ्याबद्दल सांगायला आलं की मी आधी सांगणाऱ्याचं ताट बघायला शिकले.

तुझ्या मैत्रिणीशी खाण्याबद्दल बोलू नकोस. टोकू नकोस, मोजू नकोस, शाबासकीही देऊ नकोस. काटा बाजूला सरकव, तिच्याबरोबर रोज एकाच जागी बस आणि दुसरंच काहीतरी बोलत जेव. एकट्याने घास उतरत नाही तो सोबतीने उतरतो. ताटाबरोबर नेहमी सोबतही वाढावी.

आणि तू काय जेवतेस, ते मला एका ओळीत लिही.

मावशी

*

३ ऑगस्ट

मावशी,

तुझं औषध लागू पडतंय. आम्ही खिडकीजवळचं शेवटचं टेबल पकडलं. काटा खिडकीच्या कट्ट्यावर ठेवते आणि तुझ्या दवाखान्यातल्या गोष्टी तिखटमीठ लावून सांगते. मास्तरांची सांगितली तेव्हा ती इतकी हसली की हसता हसता अर्धा पाव खाल्ला. नंतर पावाकडे बघून गप्प झाली, पण खाल्ला. रोज इतकंच, कधी थोडं जास्त. तू पाठवलेल्या स्वेटरच्या लोकरीसारखं आहे हे, ओढलं की तुटतं, म्हणून ओढत नाही.

तू विचारलेली ओळ: जेवते, नीट जेवते. कपडे सैल झाल्याचं आईने तुला कळवलंच असेल. खरं सांगू का, आमच्या वर्गात हल्ली दुसऱ्यांदा भात घ्यायला कोणी उठत नाही. जो घास घेऊ तो आधी वहीत दिसतो. मीसुद्धा मध्यंतरी मोजायला लागले होते, पण तोळाबाईकडे बघून माझी मी घाबरले आणि सोडून दिलं. आईला यातलं काही सांगू नकोस, ती उगाच धावत येईल.

आणखी एक सांगून टाकते. गेल्या महिन्यात एकदा मी तिच्या वहीवर न बघता सही केली. ती म्हणाली होती, तू झोपली होतीस म्हणून मी आधीच जेवले.

रेक्टरबाईंना सांगू का? तिने मला शपथ घातली आहे. म्हणाली, तू सांगितलंस तर ते मला घरी पाठवतील आणि माझं वर्ष जाईल. मला काही सुचत नाही. तू म्हणशील ते करीन.

भिंगरी

*

११ ऑगस्ट

माझ्या बाळा,

पत्र दोनदा वाचलं, मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा.

रेक्टरबाईंना तू काही सांगू नकोस. अशा गोष्टी मोठ्यांनी मोठ्यांशी बोलायच्या असतात. तुझ्या मैत्रिणीचं काय करायचं ते मी बघते. तिला माझा निरोप सांग की मावशी तिच्यावर जराही रागावलेली नाही, तिला सगळं समजलं आहे आणि आता काही लपवत बसायची गरज नाही. आईला मी बोलले नाही.

सोबत विणलेले मोजे पाठवतेय. पाय गार ठेवू नकोस.

मावशी

*

३० ऑगस्ट

मावशी,

मोजे मिळाले. ते मी तोळाबाईला दिले, कारण पाय तिचे गार असतात, माझे नाही.

तू रेक्टरबाईंना पत्र लिहिलंस. मला न विचारता लिहिलंस. त्यांनी मला खोलीत बोलावलं, दार लोटलं आणि माझ्या हातावर हात ठेवून म्हणाल्या, आम्हाला सगळं कळलंय. मला आधी वाटलं, सुटले, कोणीतरी तोळाबाईकडे बघितलं एकदाचं. मग कळलं की त्या माझ्याबद्दल बोलताहेत.

मी म्हटलं, मी नाही हो, ती. तेव्हा त्या हसल्या. वाईट नाही, मायेने हसल्या, म्हणून जास्त लागलं. म्हणाल्या, "तुझ्या मावशींनी लिहिलंच होतं, की ती मैत्रिणीचं नाव पुढे करेल, पण तिचंच आहे असं समजून चाला." मग त्यांनी मला तोळाबाईची वही दाखवली. बघ, म्हणाल्या, ही मुलगी किती व्यवस्थित खाते, आणि तू तिच्यावर ढकलतेस.

आता मी स्टाफच्या टेबलावर जेवते. एका बाजूला रेक्टरबाई, दुसऱ्या बाजूला ग्रंथपालबाई, आणि दोघी माझ्या घासांबरोबर मान हलवतात. खिडकीजवळच्या टेबलावर तोळाबाई एकटी बसते. तिची जोडी बदलून समोरच्या खोलीतल्या मुलीशी लावली आहे. ती मुलगी पाच मिनिटांत जेवून उठते आणि जाताना सही करते.

मी तिचं नाव घेतलं, हे कुठूनतरी तिच्या कानावर गेलं. ती आता माझ्याशी बोलत नाही. एका खोलीत राहून आम्ही दोघी भिंतीकडे तोंड करून अभ्यास करतो.

मी तुला खरं लिहिलं होतं, मावशी. एक अक्षर खोटं नव्हतं. आता मी काहीही बोलले तरी कोणी ऐकणार नाही, अशी व्यवस्था तू करून ठेवलीस.

पुन्हा लिही त्यांना. माझ्यासाठी नको, तिच्यासाठी लिही.

*

७ सप्टेंबर

भिंगरे,

राग आला ना, येऊ दे. ताटाबद्दल कोणी बोललं की सगळेच रागावतात. मास्तरही महिनाभर माझ्याशी बोलले नव्हते, आणि जाताना मात्र हात जोडून गेले. तूही एक दिवस म्हणशील की मावशीने केलं ते बरं केलं. तोपर्यंत मी वाईट झाले तर झाले.

कपडे सैल झाले, मोजायला लागले, सही न बघता केली, आईला सांगू नकोस, हे सगळं तुझ्याच हातचं आहे. मी काही मनाने रचलेलं नाही. वर्गात जिची वही वाचून दाखवतात ती मुलगी आजारी, असं मला समजावून काय उपयोग? रेक्टरबाई कळवतात की तू आता ताट चाटूनपुसून स्वच्छ करतेस. ऐकून जीव भांड्यात पडला.

बिस्किटांचा डबा पाठवला आहे. खा.

मावशी

*

२५ सप्टेंबर

भिंगरे,

डबा पोचला का, एवढं तरी कळव. दोन ओळी पुरतील. आईलाही तुझं पत्र नाही म्हणते.

मावशी

*

१९ ऑक्टोबर

मावशी,

तोळाबाई गेली. तेराव्या तारखेला सकाळी, प्रात्यक्षिकाच्या तासाला कोसळली. आम्ही सगळ्या ओट्याशी उभ्या होतो, ती गाजरं तोलत होती. काट्यावर हात ठेवून जरा थांबली, म्हणून बाई म्हणाल्या, हात काढ, वजन चुकेल. तेवढ्यात ती खाली बसली. आम्हाला वाटलं, काहीतरी पडलं ते उचलायला वाकली. दवाखान्यात नेलं. हृदय थकलं होतं म्हणाले, बरेच महिने थकत आलं होतं. दोन दिवस होती. मला भेटू दिलं नाही, मी घरची नव्हते.

तिचे वडील सामान न्यायला आले. उंच गृहस्थ आहेत, शिंपी आहेत. तिचे कपडे घडी करताना त्यांनी सवयीने एका बाहीची शिवण बोटांनी चाचपली आणि तसेच बसून राहिले. मला म्हणाले, तू तिच्या पत्रातली मैत्रीण ना, जिची मावशी ताटं वाचते. तिने घरी तुझ्या गोष्टी कळवल्या होत्या. मी हो म्हटलं.

आज मी तुझ्यावर रागावून लिहीत नाही. राग होता तो सप्टेंबरात. तेच तुला सांगायचंय. स्टाफच्या टेबलावर मी ताट स्वच्छ करत होते ते तुला खोटं पाडायला. घास गिळायचा आणि मनात म्हणायचं, बघ मावशी. माझी पाठ खिडकीकडे असायची. वळून बघितलं तर रेक्टरबाईंना वाटेल, मी पुन्हा तिच्यावर ढकलतेय, म्हणून मी वळत नव्हते. दीड महिना वळले नाही. ओरडले असते, बाईंच्या दारात बसले असते, तिच्या वडिलांना पत्र टाकलं असतं. पत्ता माझ्याकडे होता. मी रुसून बसले होते.

आणि न बघता सही एकदा केली असं मी लिहिलं होतं, ते खोटं होतं. जुलैचे पहिले दहाही दिवस माझ्या सह्या आहेत. ती रसायनशास्त्र शिकवायची आणि मी सही करून द्यायची, असं आमचं चाललं होतं. बाईंनी वर्गात वाचून दाखवलेली पानं तीच. रेक्टरबाईंनी मला दाखवलेली पानंही तीच, आणि खाली माझंच अक्षर होतं. तेव्हा बोलले असते तर माझं वर्ष गेलं असतं, म्हणून बोलले नाही.

डबा पोचला होता. मी तो उघडला नाही.

*

२८ ऑक्टोबर

बाळा,

चार दिवस कागद समोर घेऊन बसतेय. मला माफ कर असं लिहायला हात धजत नाही, कारण ज्या मुलीची माफी मागायची तिचं मला खरं नावही माहीत नाही.

मास्तरांच्या गोष्टीवर तुझी मैत्रीण हसली. ती गोष्ट खरी आहे, पण माझी खरी गोष्ट ती नव्हती. ती मी कोणालाच सांगितलेली नाही, तुझ्या आईला अर्धी माहीत आहे.

स्वयंपाकघरात लागले तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. दिवसभर वाफ, वास, तीनशे ताटं, आणि संध्याकाळी स्वतःचं ताट समोर आलं की गळ्याशी काहीतरी यायचं. पुढे पुढे न जेवणं हीच माझी हुशारी वाटायला लागली. सगळी दुनिया खाते आणि आपल्याला लागत नाही. वर्षभर असं चाललं. शेवटी घाबरून तुझ्या आईला मी पत्र लिहिलं, की माझ्याबरोबर कामाला एक मुलगी आहे, ती काही खात नाही, हात गार असतात, काय करू? ताईने विश्वास ठेवला. त्या मुलीला आराम करायला सांग, असं उलट टपाली कळवलं आणि सोबत तिच्यासाठी गूळ पाठवला. त्या मुलीसाठी. मी चक्कर येऊन भट्टीपाशी पडले तेव्हा कुठे सगळ्यांना समजलं. हाताच्या कोपरावरचा तो डाग भाजल्याचा आहे, हे तुला माहीत आहे, कसा भाजला ते माहीत नव्हतं.

तुझं पत्र आलं आणि मी वाचलं ते माझंच जुनं पत्र. मैत्रीण, गार हात, सगळं तसंच. मी ठरवलं, ताई फसली तशी मी फसणार नाही. तुझ्या ओळीन् ओळीत मी तुला शोधत होते, आणि तू जिच्याबद्दल लिहीत होतीस ती पोरगी माझ्या समोर उभी असून मी तिला बाजूला सारलं. एकतीस वर्षं ताटं वाचली म्हणून मिरवते, आणि इथे मी ताट पाहिलंसुद्धा नव्हतं. एकदा गाडीत बसून आले असते तर दारातूनच कळलं असतं की खिडकीपाशी कोण बसली आहे. नाही आले. घरी बसून शहाणपणा केला.

तिला सोबत लागत होती, ती तू दिलीस, आणि मी ती उठवून स्टाफच्या टेबलावर नेऊन बसवली. याला दुसरं काही नाव नाही.

रेक्टरबाईंना आणि तुमच्या बाईंना मी सगळं खरं लिहून पाठवलं आहे. सह्यांचं नाही लिहिलं. ते तुझं आहे, तू ठरव. तिच्या वडिलांचा पत्ता दिलास तर त्यांनाही लिहीन. त्यांनी पत्र फाडलं तरी चालेल.

तू लिहावंस अशी माझी अपेक्षा नाही. पण जेव.

मावशी

*

४ जुलै

मावशी,

तुझी सगळी पत्रं मिळत होती. उत्तर द्यायला इतके महिने लागले, कारण जे लिहायला बसायचे त्यात एकतर तुझी चूक मोठी व्हायची नाहीतर माझी. आता मोजायचं सोडून दिलं आहे.

सह्यांचं मी बाईंना जानेवारीत सांगितलं. वाटलं, काढून टाकतील. बाई म्हणाल्या, ती वही वर्गात मी वाचली. मग आम्ही दोघी रडलो. या वर्षीपासून नोंदवही बंद झाली, काटे मेसमधून उचलून प्रयोगशाळेच्या कपाटात गेले. एवढं व्हायला एका मुलीचा जीव जावा लागला. तिच्या वडिलांचं मला पत्र आलं. रेक्टरबाईंकडून पत्ता घेऊन तू त्यांना काय लिहिलंस, ते त्यांनी सांगितलं नाही. फक्त लिहिलं, मावशींना सांगा, माझ्याही हाताखाली तिचे कपडे दर सुट्टीत शिवण आत घेऊन घट्ट करायला यायचे आणि मला वाटायचं, पोरगी फॅशन करते.

आता कालची गोष्ट. पहिल्या वर्षाची एक नवी मुलगी माझ्या दारात येऊन उभी राहिली. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, ताई, माझ्या खोलीत एक मैत्रीण आहे, ती काही खातच नाही.

त्या क्षणी मला तू आठवलीस, आणि शप्पथ सांगते, मीही आधी तिच्या मनगटाकडे बघितलं. मग तिच्या तोंडाकडे बघितलं. काही कळलं नाही. तू इतक्या लांबून काय कळून घेणार होतीस, मला तर हातभर अंतरावरून कळलं नाही. मैत्रीण खरी आहे का, असं मी विचारलं नाही. एवढंच विचारलं, "ती कुठे बसते?" बाईंकडे जायचं तेही तिघींनी मिळून जायचं, असं तिला सांगितलं.

खिडकीजवळच्या टेबलावर मी तीन ताटं वाढून घेतली. तोळाबाई गेल्यापासून त्या टेबलावर कोणी बसलेलं नाही, मीही नाही. पहिली मुलगी आली. दुसरं ताट गार व्हायला लागलं, आणि मला वाटलं, झालं, मैत्रीण नव्हतीच. तेवढ्यात दारातून एक बुटकी, भित्री पोरगी आत आली आणि आमच्यापाशी येऊन उभी राहिली. खरी होती, मावशी. दोघी बसल्या. काय बोलावं ते सुचेना, म्हणून मी मास्तरांची गोष्ट सांगायला घेतली आणि शेजारची खाट रिकामी होती इथे आले तेव्हा माझाच आवाज बसला. त्या बिचाऱ्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग मी पाणी प्यायले आणि दुसरी सांगितली.

कोणी किती खाल्लं ते मी बघितलं नाही. उठताना ताटं मीच उचलली आणि न बघता ठेवून आले. आज बाईंकडे गेलो होतो, तिघी.

तुझा तो डबा नोव्हेंबरात उघडला. बिस्किटं मऊ पडली होती, तरी रोज एक खाल्लं.

उद्यापासून आम्ही रोज त्याच टेबलावर बसणार आहोत. तिथे चौथी खुर्ची आहे. तू ये. रेक्टरबाईंना मी विचारलं आहे, त्या हो म्हणाल्या. गाडी सकाळची घे. ताटं वाचायला नको येऊस, मावशी. जेवायला ये.

तुझी भिंगरी